गाळातले साक्षीदार

समुद्रतळावर सांडपाण्याचा गाळ साचला की ‘कॅपिटेला’ हा कृमी बेसुमार वाढतो. जगभरचे शास्त्रज्ञ त्यावरून प्रदूषण ओळखतात. गंगेकाठच्या वाराणसीला समुद्र नाही, पण तिथे कॅपिटेलाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद आहे: ट्युबिफेक्स. डोके चिखलात खुपसून शेपटी पाण्यात हलवत राहणारा हा तांबडा कृमी अत्यल्प प्राणवायूवर तगतो. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले इतक्या कमी प्राणवायूत जगत नाहीत. जिथे तळाशी एकटा ट्युबिफेक्सच बुजबुजलेला दिसतो, तिथे नदी आजारी आहे. पाण्याचा नमुना त्या घटकेपुरते सांगतो. तळाचे जीव कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतात.

गंगा स्वच्छ करण्यासाठी आखलेल्या गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीतच, १४ जून १९८६ रोजी झाला. तरीही वरुणा आणि अस्सी या नद्या, ज्यांच्यावरून वाराणसी हे नाव पडले असे मानतात, सांडपाणी वाहत राहिल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तळजीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत आहे. तिचे निष्कर्ष अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत घाटाघाटावर फलकांवर लावा. शिंदे घाटावर, भोसले घाटावर श्रद्धेने उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूलाही ते वाचायचा हक्क आहे.