पैसे दिले म्हणजे परवानगी मिळाली?



ग्राहक-संशोधनाच्या नावाखाली मोबाइल आणि संगणकात बसवल्या जाणाऱ्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरवर कोणी आक्षेप घेतला की कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘ग्राहकाने स्वतःहून मान्यता दिली, वर मोबदलाही घेतला, मग तक्रार कसली?’ हा युक्तिवाद टिकणारा नाही.

अमेरिकेतील सिअर्स या दुकानसाखळीने २००७ मध्ये ग्राहकांना आपल्या ‘ऑनलाइन कम्युनिटी’चे आमंत्रण दिले. सॉफ्टवेअर महिनाभर संगणकात ठेवायचे आणि १० डॉलर घ्यायचे. ते तुमचे ‘ऑनलाइन ब्राउझिंग’ टिपेल, एवढेच ठळकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात बँकेची स्टेटमेंट, औषधांच्या नोंदी, ग्रंथालयातून नेलेली पुस्तके, सारेच त्याच्या टप्प्यात होते. हा खुलासा होता लांबलचक करारनाम्यात, साधारण पंचाहत्तराव्या ओळीपासून! २००९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हा प्रकार फसवा असल्याचा ठपका ठेवून गोळा केलेली माहिती नष्ट करायला लावली. मोबदला दिला होता आणि करारात सगळे लिहिले होते, तरीही.

आपल्याकडेही हे घडले आहे. जानेवारी २०१९ मध्ये ‘फेसबुक रिसर्च’ ॲपचे प्रकरण बाहेर आले. अमेरिका आणि भारतातील १३ ते ३५ वयोगटातील लोकांना त्यासाठी महिन्याला २० डॉलरपर्यंत दिले जात होते. त्या बदल्यात फोनमधील इंटरनेटची जवळपास सगळी ये-जा कंपनीला पाहता येईल, अशी व्यवस्था त्यात होती. आता प्रश्न असा, की माझ्या फोनवर आलेला मित्राचा निरोप वाचू देण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्या मित्राने ना अटी वाचल्या, ना पैसे घेतले. घरात एकच संगणक सगळे वापरत असतील, तर एकाच्या क्लिकवर सगळ्यांची माहिती जाते.

बाजार-संशोधन नकोच, असे माझे म्हणणे नाही. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’चे मीटर ज्या घरात असते, तिथल्या लोकांना ते बसवल्याचे माहीत असते. टीव्हीसमोर बसणारा आपापले बटण दाबतो आणि नोंद होते ती पाहिलेल्या वाहिनीची. काय मोजले जाते, कोणाचे मोजले जाते, हे उघड असूनही संशोधन होतेच की!

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे म्हटले आहे. ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमती मागणारी सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येते. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. मात्र नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यासाठी आणखी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

या मुदतीत सरकारने किमान तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. ॲप काय काय टिपणार, हे करारनाम्यात न दडवता पहिल्याच पडद्यावर साध्या मराठीत असावे. बँक, आरोग्य आणि खासगी निरोप यांना हात लावायची मुभा कोणत्याही मोबदल्यावर मिळू नये. आणि ॲप काढून टाकल्यावर आधी गोळा केलेली माहितीही पुसली जावी. तोवर वाचकांना विनंती एवढीच, की शे-दोनशे रुपयांच्या कूपनसाठी ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी घरातल्या इतरांनाही विचारा.

– एक वाचक, नाशिक