किल्ली आपलीच हवी
समृद्धी महामार्ग आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा देतो. या वेगात लेन सांभाळणारी, पुढच्या गाडीचं अंतर राखणारी यंत्रणा चालकाला मोठा आधार आहे. परदेशात तर समोरच्या काचेला लावायचं उपकरणही मिळतं: कॉमा कंपनीचं, ओपनपायलट या खुल्या प्रणालीवर चालणारं. लॅपटॉपवरून त्याच्या आत शिरायची वाट म्हणजे एसएसएच. तातु युलोनेन यांनी 1995 साली फिनलंडमध्ये ती घडवली, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते. कॉमाच्या उपकरणात पासवर्डचं कामच नाही. डिजिटल किल्ल्यांची जोडी बनवायची; खासगी किल्ली लॅपटॉप सोडून कुठे जाऊ द्यायची नाही, सार्वजनिक किल्ली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चढवायची आणि उपकरणाच्या सेटिंगमध्ये आपलं गिटहबचं नाव टाकायचं. ती किल्ली उपकरण स्वतः आणून घेतं. खरी जोखीम नावाच्या याच रकान्यात आहे. मदतीला आलेला पोरगा कितीही हुशार आणि विश्वासाचा असो, त्याचं नाव तिथे घालू नये. घातलं की गाडीला जोडलेला तो संगणक त्याच्यासाठी उघडा. अमेरिकेत 2015 मध्ये दोन संशोधकांनी दूर बसून धावती जीप हतबल केली, आणि जीपच्या कंपनीला 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तिथे तर किल्लीही लागली नव्हती, दारच उघडं होतं. म्हणून काम झालं की सेटिंगमधला एसएसएचचा पर्याय आठवणीने बंद करा.