स्मरणरंजनाची बोथट सुई

‘तबकडीच्या आवाजात जी ऊब आहे ती सीडीत नाही, आणि मोबाइलमध्ये तर नाहीच.’ हे वाक्य अलीकडे इतक्या लेखांतून आणि दिवाणखान्यांतून कानी पडते की ते आता विधान राहिलेले नाही, त्याचा मंत्र झाला आहे. मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. आम्ही तो विचारणार आहोत. कारण या मंत्राच्या भरवशावर मुंबईच्या चोर बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेले स्टिरिओ संच घरी आणले जातात, आणि ज्या संगीताच्या प्रेमापोटी ते आणले जातात त्याचाच ते नाश करू शकतात.

नाश हा शब्द आम्ही जपून वापरतो. टर्नटेबलची हिऱ्याची सुई साधारणतः ५०० ते १००० तास चालते. पुढे तिचे टोक झिजून धारदार होते आणि ती तबकडीची खाच कुरतडू लागते. जुन्या संचातील सुई किती तास चालली आहे हे बहुधा विक्रेत्यालाही ठाऊक नसते. आम्हीही एकदा सागवानी पेटीवर आणि जाड धातूच्या बटणांवर भाळून असा संच घेतला, आणि वडिलांनी जपलेली मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी त्यावर पुनःपुन्हा लावली. खरखर आली, ती ‘जुन्या काळाची खूण’ म्हणून कौतुकाने ऐकली. सुई बदलल्यावरही खरखर गेली नाही, तेव्हा उलगडा झाला. ते ओरखडे आमच्याच हातचे होते आणि ते आता बुजणार नाहीत.

‘जुने म्हणजे अस्सल’ हा निकष साहित्यात आपण केव्हाच टाकून दिला. पोथी जुनी आहे एवढ्यावरून कोणी जाणता संपादक तिचा पाठ ग्राह्य धरत नाही. तो पाठभेद ताडून पाहतो, लेखनिकाचे प्रमाद शोधतो. मग ध्वनीपाशी येताच ही शिस्त कुठे जाते? अमेरिकेतून आलेल्या संचाचे उदाहरण घ्या. तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, आवर्तने जुळत नाहीत. ज्या टर्नटेबलची मोटर त्या आवर्तनांवर चालते तिच्यावर तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते. काळी एकचा षड्ज काळी पाचच्या आसपास उतरतो, लय मंदावते, आणि आपण त्या ‘धीरगंभीर’ गायनाला दाद देतो! संपादनशास्त्रात याला अपपाठ म्हणतात.

आमचा विरोध जुन्या संचाला नाही. मोजक्या पैशांत चांगले ऐकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला तो वरदान ठरू शकतो, आणि कित्येक तबकड्यांतील गाणे पुढे सीडीवर आलेच नाही. पण संच घ्यावा तो पारखून. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच दाबावी. आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो. बॅलन्सचे बटण दोन्ही टोकांना फिरवून डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐकावी. आवाजाचे बटण फिरवताना होणारी करकर बहुधा धुळीची असते, तिला भिऊ नये. गाणे नसतानाही घुमणारा गुणगुणाट मात्र आतले कपॅसिटर वाळल्याचा असू शकतो. आणि त्या टर्नटेबलची नवी सुई मिळत नसेल, तर सागवान कितीही देखणे असो, परत फिरावे.

यावर आक्षेप येईल की आम्ही रसिकतेचे तंत्रज्ञान करीत आहोत. तबकडीवरचे गाणे त्या खाचेतच आहे, अन्यत्र कुठे नाही. खाचेची काळजी न वाहणारी रसिकता आम्हांला समजत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या वृद्ध दुरुस्ती-कारागिरावर हळवे ललित लेख लिहिणाऱ्यांनी आधी त्याच्याकडून संच तपासून घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनीही संच खुशाल आणावा, पुसून दिवाणखान्यात ठेवावा, पाहुण्यांना दाखवावा. फक्त त्यावर तबकडी लावू नये.