आधी सांगाडा, मग रेक्झिन

जुनी गाडी घरात आली की पहिला खर्च सीट कव्हरवर होतो. रंग कोणता, पायपिंग लाल की पांढरी, यावर घरभर चर्चा होते आणि संध्याकाळपर्यंत गाडी 'नवी' होते. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. कव्हर हे सीटच्या कामातलं सगळ्यात शेवटचं काम. आणि आपण ज्याला हौसेने 'अपग्रेड' म्हणतो ते बऱ्याचदा एक महागडं कव्हरच असतं.

साहित्य शिकणाऱ्या मुलीने गाडीच्या सीटवर का लिहावं, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. आमच्या सौंसरच्या घरी एक जुनी गाडी आहे आणि तिच्या सीटवरून घरात दोन महिने वाद चालला. गाडी आहे कॉन्टेसा क्लासिक, 1996 सालची. नंबर एमपी 28, म्हणजे छिंदवाड्याचा. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि आमचा सौंसर तालुका त्यात गेला, पण गाडी अजून छिंदवाड्याचीच आहे.

कॉन्टेसाला स्पोर्ट्स कार म्हटलं तर जाणकार हसतील, हे मला माहीत आहे. हिंदुस्तान मोटर्सने ती 1984 ते 2002 या काळात बनवली, मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, पुढे इंजिन आलं इसुझूचं. चार दारांची, लांबलचक. पण ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या त्या काळात लांब नाकाची ही गाडी नागपूर रोडवर दिसली की लोक वळून बघायचे. खरी दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्या देशात बनली ती फार थोडी. बंगळूरच्या सॅन मोटर्सची फायबर बॉडीची स्टॉर्म, नाहीतर दिलीप छाब्रियांच्या डीसीची अवंती. सौंसर-पांढुर्ण्याच्या रस्त्यावर या दोन्ही मी कधी पाहिल्या नाहीत. तेव्हा आमच्यासाठी कॉन्टेसा हीच स्पोर्ट्स कार.

घरातला वाद असा. दादाला पुढच्या दोन्ही सीट काढून 'रेसिंग बकेट सीट' बसवायच्या होत्या. मोबाईलवर फोटो तयार: काळी सीट, लाल शिलाई, खांद्यापाशी पट्ट्यासाठी दोन खाचा. बाबांचं मत, कव्हर फाटलंय तर कव्हर बदला, बाकी कशाला हात लावू नका, गाडी 'ओरिजिनल' राहिली पाहिजे. आईला दोघांचंही पटत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मागे बसून नागपूरला जाते मी. उतरल्यावर दोन दिवस कंबर धरून असते. त्याचं काय करता ते सांगा." माझ्या मते सीटबद्दलचा खरा प्रश्न त्या घरात फक्त आईने विचारला होता.

शेवटी सीट गेल्या बस स्टँडजवळच्या कारागिराकडे. दुकानाची पाटी हिंदीत, आतलं बोलणं आमच्या मराठीत. ट्रॅक्टरची सीट, बुलेटची सीट, जीपची गादी, लग्नाआधी घाईत आलेला सोफा, सगळं एकाच मशीनवर शिवलं जातं. मी रेक्झिनचे नमुने चाळत होते तर काका म्हणाले, "कव्हर कायले पाहून राह्यली बाई? अंदर पाह्य ना."

आत पाहिलं. मागच्या सीटचं कव्हर ज्या लोखंडी कड्यांनी फ्रेमला आवळलेलं असतं त्या कड्या त्यांनी पकडीने एकेक उघडल्या. वर रेक्झिन, त्याखाली फोमचा पातळ थर, मग काथ्याची गादी, मग बारदाना, त्याखाली स्प्रिंगा आणि सगळ्यात खाली लोखंडी सांगाडा. उजव्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटलेल्या होत्या. आमच्या आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात कुणीतरी त्या तुटक्या स्प्रिंगांवर पोत्याची घडी कोंबून वर नवं कव्हर चढवलं होतं. काका हसले. "पाह्य. स्प्रिंग तुटली, त्यानं पोतं कोंबलं, वरून चकाचक. दोन साल चाललं असन. तुम्ही किती बी महाग फोम टाका, खाली बसनच."

आईच्या कंबरेचं कारण तिथे होतं. कव्हर तर त्या बाजूला धड होतं!

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडची एमजीबी ही जगभर जपली जाणारी जुनी स्पोर्ट्स कार, 1962 ते 1980 या काळात बनलेली. तिच्या सीटमध्ये गादीखाली रबराचे ताणलेले पट्टे किंवा रबराचा पडदा असतो, आपल्या नवारीच्या पलंगासारखं काम. नवार सैल झाली की पलंगाची झोळी होते, तसं रबर म्हातारं झालं की माणूस गाडीत खाली जाऊन बसतो. मग स्टिअरिंग उंच वाटतं, क्लच दाबताना पाय अवघडतो, आणि दोष मात्र फोमला लागतो. माझ्या आजीला एमजी माहीत नाही, पण नवार कसायची कधी आणि बदलायची कधी हे तिला नक्की माहीत आहे. सीटच्या दुरुस्तीचं अर्धं शास्त्र तेवढंच आहे.

म्हणून दुरुस्तीचा क्रम आतून बाहेर असावा. आधी सांगाडा: वेल्डिंग कुठे सुटलंय, गंज कुठे खातोय. त्याबरोबर गाडीची जमीन, कारण पावसाळ्यात गालिचा ओला राहिला की सीटच्या बोल्टाखालचा पत्राच आधी सडतो. मग सरकपट्टी. सीट पुढेमागे केल्यावर दोन्ही बाजूंचं लॉक बसलंच पाहिजे. एकच बसत असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर सीट वाकडी होऊन पुढे येऊ शकते. मग स्प्रिंगा, मग बारदान्याचा किंवा कॅनव्हासचा थर, म्हणजे स्प्रिंग फोमला कापणार नाही. त्यानंतर फोम, आणि सगळ्यात शेवटी कव्हर. जुनं कव्हर फेकायचं नसतं. त्याची शिलाई उसवून तुकडे सपाट करतात, त्याच मापाने नवं कापतात. बाजारातलं तयार कव्हर कधीच एवढं चपखल बसत नाही. आणि रेक्झिन चढवायच्या आधी काकांनी ते मे महिन्याच्या उन्हात अर्धा तास पसरून ठेवलं. मऊ पडतं, ताणताना सुरकुती राहत नाही. आमच्याकडच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग मी पहिल्यांदा पाहिला.

आता अपग्रेडकडे येते, कारण मी त्याच्या विरोधात नाही. बाबांसारखी 'जसं होतं तसंच' म्हणणारी मंडळी मला अर्धीच पटतात. गाडीचा मूळपणा जपण्याला कायद्यातही मान आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण अगदी पहिल्या कॉन्टेसालाही त्यासाठी 2034 साल उजाडावं लागेल, आणि व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. आमची गाडी रोजची आहे. तिच्यात जिवंत माणसं बसतात. त्यांच्या पाठीपेक्षा 1996 चा फोम मोठा नाही.

तेव्हा अपग्रेड करावंच, पण कशात? माझी यादी छोटी आहे. पहिलं, मागच्या सीटला पट्टे. भारतात नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटला पट्टे 1994 पासून सक्तीचे झाले, मागच्या सीटला 2002 पासून. त्यामुळे आमच्यासारख्या गाड्यांत मागे काहीच नव्हतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महाग होती, आणि पट्टा हाताशी होता. आमच्या आईकडे तर पट्टाच नव्हता. हे काम मात्र कुशनवाल्याचं नाही. पट्टा सीटला नाही, गाडीच्या भक्कम पत्र्याला बांधावा लागतो, आणि ते जाणत्या मेकॅनिकनेच करावं.

दुसरं, डोक्यामागचा आधार. मागून धक्का बसला की मान झटक्यात मागे जाते. अमेरिकेत पुढच्या सीटला हा आधार 1969 पासून सक्तीचा आहे. आपल्याकडे अजून लोक त्याला उशी समजतात आणि नडतो म्हणून काढून डिकीत टाकतात. तिसरं, फोमची घनता. दुकानात 32 आणि 40 'डेन्सिटी' असं विचारतात, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन तेवढे किलो. बसायच्या जागी 40 घ्यावा, पैसे वाचवायचे तर पाठीच्या भागात वाचवावेत. आणि उंची मूळ होती तेवढीच ठेवावी. दोन इंच जास्त फोम टाकला की पट्टा पोटावर चढतो आणि डोकं छताला लागतं. जपानच्या माझदा एमएक्स-5 चे उंच मालक तर उलट करतात, छताला डोकं लागू नये म्हणून सीटमधला फोम कापून काढतात. चौथं, बसायच्या मधल्या भागात कापड आणि फक्त कडांना रेक्झिन. सौंसरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या रेक्झिनवर जो बसलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आमच्या तालुक्यात बोरगावला रेमंडचा कारखाना सुटाचं कापड बनवतो, आणि आम्ही गाडीत मात्र टॉवेल टाकून बसतो.

दादाच्या बकेट सीटबद्दल माझा आक्षेप दिसण्यावर नाही. दिसायला त्या छानच आहेत. पण शर्यतीच्या खऱ्या सीटचा दर्जा एफआयए ठरवते आणि तिच्या 8855-1999 या मानकाच्या सीटची मुदत बनवल्यापासून फक्त 5 वर्षं असते. फोटोतल्या सीटवर ना मानक होतं, ना तारीख. वर चार टोकांचा पट्टा. शर्यतीच्या गाडीत आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, म्हणून तो पट्टा तिथे शोभतो. साध्या गाडीत पिंजरा नसतो. गाडी उलटली आणि छत दबलं तर तो पट्टा माणसाला ताठ बसवून ठेवतो, बाजूला कलंडू देत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठामपणे सांगितलं. आत वेगवान दिसण्यासाठी एवढं सगळं अंगावर घ्यायचं?

मुंबईत 2015 मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा एक सुंदर उपक्रम सुरू झाला. तरुण डिझायनर काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीटसाठी, छतासाठी कापड रंगवायचे, शहराच्या गोष्टी त्यावर सांगायचे. मला तो मनापासून आवडतो. पुढे ऑक्टोबर 2023 च्या शेवटी पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला तेव्हा पानंच्या पानं भरून आली, सगळी आठवणींची. मी त्यातलं जेवढं वाचलं त्यात कुणी विचारलं नाही की दिवसाला बारा-बारा तास त्या सीटवर बसणाऱ्या चालकाची पाठ कशी आहे. आपण कापडावर प्रेम करतो. बसणारा माणूस कापडाखाली काय आहे ते अंगावर सोसतो.

आणि यात कारागिराचा प्रश्न येतोच. काकांनी आमच्या चारही जागांचं काम पाच दिवसांत केलं. मजुरी सांगितली ती दादाच्या दोन बकेट सीटच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होती, आणि तरीही बाबांनी सवयीने दोनशे रुपये कमी करायला लावले. काका काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "आतलं काम दिसत नाही ना जी, म्हणून लोकं त्याचे पैसे देत नाहीत. वरचंच पाह्यतेत." त्यांचा मुलगा बोरगावला कंपनीत जातो. दाभण हातात घ्यायची नाही असं त्याने ठरवलंय, आणि मी त्याला दोष देत नाही. जे काम दिसत नाही त्याचे पैसे मिळत नसतील तर पोतं कोंबणारे वाढणार आणि स्प्रिंग बदलणारे कमी होणार, हे साधं गणित आहे. आपण कव्हरचा भाव विचारतो म्हणून आपल्याला कव्हरच मिळतं.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, जीप असेल, अगदी बाबांची स्कूटर असेल, तर या सुट्टीत एक करा. रंग निवडण्याआधी कारागिराला सांगा की कव्हर उघडून आत दाखवा. जी व्यक्ती त्या सीटवर सगळ्यात जास्त बसते तिला विचारा की दुखतं कुठे. आणि बिल देताना स्प्रिंगचे, बारदान्याचे आणि आतल्या शिलाईचे पैसे न घासता द्या. रेक्झिन लाल की काळं, ते मग निवांत ठरवा. आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. दादा लालवर अडून आहे. आई म्हणते कुठलंही लावा, पट्टा कधी बसवताय ते सांगा.