वाहनतळावरील पाटी आणि धन्याचे दायित्व

'वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत' अशी पाटी ठोकली, की आपल्या शिरावरील दायित्वाची बेबाकी झाली, असा जो समज हॉटेलवाल्यांत व मॉलचालकांत रूढ आहे, तो कायद्याच्या कसोटीस सर्वस्वी उतरत नाही. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातील नोकराच्या हाती किल्ली सोपवून आत गेलेल्या ग्राहकाची मोटार चोरीस गेली. त्या तंट्याचा अखेरचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरात असे ठरविले, की वाहन ताब्यात घेताच १८७२ च्या करार कायद्यातील निक्षेपाचा, म्हणजे दुसऱ्याची वस्तू परत करण्याच्या बोलीवर ताब्यात ठेवण्याचा, संबंध उत्पन्न होतो, वाजवी काळजी घेतल्याचे शाबीत करण्याचा भार हॉटेलवर येतो, आणि ग्राहकास दिलेल्या चिठ्ठीवर छापलेली 'मालकाच्या जबाबदारीवर' ही शर्त हॉटेलच्या स्वतःच्या हयगयीवर पांघरूण घालू शकत नाही.

जेथे ग्राहक स्वतःच गाडी लावून किल्ली खिशात घालतो, तेथे ताबा त्याच्याकडेच राहत असल्याने हा न्याय जसाच्या तसा लागू करणे कठीण, हे मान्य. परंतु जो धनी शुल्क वसूल करतो, दारावर पहारेकरी ठेवतो आणि वाहनतळाच्या सोयीवर गिऱ्हाईक खेचतो, त्याने नुकसान होताच हात झटकावेत, हे नीतीस धरून नाही. प्रत्येक ओरखड्याची भरपाई त्याच्याकडून मागणे अन्यायाचे होईल. मात्र रीतसर पावती देणे, कॅमेऱ्यांतील चित्रण जपून ते तक्रारदारास दाखविणे आणि आपल्या नोकरांच्या हयगयीची भरपाई विनातक्रार करणे, एवढे कर्तव्य परवान्याच्या शर्तींतच नमूद असावे.