तेरा भागांत संपणारी गोष्ट

१९९० च्या आगेमागे जे शाळेत होते ते आता पन्नाशीला टेकले आहेत. त्यांच्या बैठकीत दूरदर्शनचा विषय निघाला की एक ठरलेला पूर्वपक्ष ऐकू येतो. एकच वाहिनी होती म्हणून घरं एकत्र बसत. पैशाचा खेळ नव्हता म्हणून मालिका चांगल्या होत. सगळं सात्त्विक होतं. मग केबल आली, रोजच्या मालिका आल्या आणि सगळं नासलं. ‘चाणक्य’, ‘ब्योमकेश बक्षी’, ‘सुरभि’, ‘नीम का पेड’ ही नावं पुरावा म्हणून पुढे केली जातात आणि ऐकणारे माना डोलावतात.

त्या मालिका मलाही प्रिय आहेत, त्यांतल्या काही मी अजूनही पाहतो. पण त्यांच्या बाजूने मांडली जाणारी ही कारणं तपासायला घेतली तर एकही टिकत नाही, आणि चुकीच्या कारणासाठी केलेली स्तुती शेवटी त्या मालिकांच्याच मुळावर येते. त्या जर केवळ टंचाईतून आणि निरागसतेतून उगवल्या असतील, तर आज तसं काही मागण्यात अर्थच उरत नाही. टंचाई परत आणता येत नाही, आणि आणूही नये.

आधी पैशाचं पाहू. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आहेत. हिंदी मालिकांचा जमाना जिच्यापासून मोजतात ती ‘हम लोग’ (१९८४) मॅगी नूडल्स बनवणाऱ्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर उभी होती. रविवारच्या पौराणिक मालिकांआधी जाहिरातींची रांग किती लांब असे, हे त्या पाहिलेल्यांना आठवत असेल. आणि ज्या रोजच्या मालिकेला आपण खाजगी वाहिन्यांचं पाप म्हणतो, तिची वाट दूरदर्शननेही पाडली. १९९४ मध्ये ‘शांती’, १९९५ मध्ये ‘स्वाभिमान’. दोन्ही शेकडो भागांच्या. सासू-सुनांची लाट २००० साली उसळली तेव्हा ती वाट चांगली मळलेली होती. तेव्हा सरकारी वाहिनी म्हणजे बाजारापासून दूर बसलेली तपस्विनी, हे चित्र पुसून टाकलेलं बरं.

सात्त्विकतेची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९०-९१ मध्ये घराघरांत पाहिल्या गेलेल्या ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’चं चित्रीकरण चालू असताना ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत आग लागली आणि ६२ माणसं मेली. ही मालिका आठवणाऱ्यांना तिचं शीर्षकसंगीत गुणगुणता येतं, त्या ६२ जणांचा उल्लेख मात्र क्वचितच कोणी करतं. भोपाळ वायुदुर्घटनेवरच्या ‘बियाँड जेनोसाइड’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तरी दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हा नकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. मुंबईच्या आनंद पटवर्धनांचा ‘राम के नाम’ १९९२ मध्ये तयार झाला. न्यायालयात झगडून तो दूरदर्शनवर यायला १९९७ उजाडलं. आणि ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत काय घडलं हे पाहण्यासाठी शहरांतल्या लोकांनी केबलवरची बीबीसी लावली, कारण आपल्या वाहिनीवर आपल्याला सगळं कळेल असा भरवसा कोणालाच नव्हता. त्याच्या वर्षभर आधी ‘रामायण’मधली सीता आणि रावण, दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, एकाच पक्षाच्या तिकिटावर गुजरातमधून लोकसभेत निवडून गेले होते. करमणूक आणि सत्ता यांची गाठ तेव्हा नव्हती असं म्हणणाऱ्याने निदान ही एक गोष्ट आठवावी.

राहिलं ते एकत्र बसणं. कोण बसत होतं एकत्र? ज्यांच्या घरी टीव्ही होता ते सोफ्यावर, शेजारची मुलं जमिनीवर, आणि त्यांच्यातही काहींना उंबरठ्याच्या आत यायची मुभा नसे. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहत. गावाकडे वीज गेली की तो भाग गेला तो गेलाच. आणि घरातली बाई? रविवारी सकाळी सगळे पडद्यापुढे असताना चहा आणि पोहे कोणी केले? माझ्या ओळखीतल्या, त्या काळी संसारात पडलेल्या बहुतेक स्त्रियांनी या मालिका पाहिल्या कमी आणि ऐकल्या जास्त. त्यांना संवाद पाठ आहेत, पात्रांचे कपडे आठवत नाहीत. एकत्रपणाची ही गोड आठवण ज्याला बसायला जागा मिळाली त्याची आहे.

मराठी माणसाला तर या एकाच वाहिनीचं गुणगान करताना विशेष संकोच वाटायला हवा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ यांनी मराठीची स्वतःची दूरचित्रवाणी घडवायला घेतली होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. साडेआठच्या सुमारास मराठीने आवरतं घ्यायचं, अशी ती व्यवस्था होती. ‘राऊ’ असो की राजदत्तांची ‘गोट्या’, त्या उरलेल्या चिंचोळ्या वेळेत उभ्या राहिल्या. अख्ख्या देशाने एकच गोष्ट पाहिली याचं कौतुक करताना ती एकच गोष्ट कोणत्या भाषेत होती, हेही बोलायला हवं.

मात्र इथे दुसरा पक्ष पुढे सरसावतो. तो म्हणतो, हा सगळा बालपणाचा उमाळा आहे. मालिका सुमार होत्या, नेपथ्य पुठ्ठ्याचं होतं, कॅमेरा हलत नव्हता, आणि वय वाढलं म्हणून आठवण गोड झाली. हे म्हणणं मला पहिल्यापेक्षाही अमान्य आहे. त्यात पाहणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान तर आहेच, वर केलेलं कामही नजरेआड होतं.

१९९३ ची ‘ब्योमकेश बक्षी’ आज लावून पाहावी. बासू चटर्जींनी शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या कथा घेतल्या आणि त्यांना जवळजवळ काहीच चिकटवलं नाही. एक खोली, दोन खुर्च्या, धोतर नेसलेला रजित कपूर आणि समोर के. के. रैना. संशयित येतो, बोलतो, जातो. पार्श्वसंगीत आपल्याला घाबरायला सांगत नाही. तोच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला जात नाही. सुगावा एकदाच दिसतो, आणि आपलं लक्ष नसलं तर तो निसटतो. प्रेक्षकाला विचार करता येतो हे इथे गृहीतच धरलेलं आहे. १९९३ नंतर जन्मलेली मुलंही हे रस घेऊन पाहताना मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे उमाळ्यासाठी लागणारं बालपण नाही. पुठ्ठ्याची भिंत त्यांनाही दिसते. ती दिसूनही गोष्ट धरून ठेवते, याचं कारण लेखनात आहे.

ते लेखन कशामुळे शक्य झालं, या प्रश्नाशी मला थांबायचं आहे, कारण त्या काळातली जपण्यासारखी गोष्ट इथेच सापडते. दूरदर्शन साप्ताहिक मालिकांना भाग मोजून देई. तेरा, सव्वीस, बावन्नच्या आसपास. वाढवून हवे तर पुन्हा मंजुरी. यात बाबूगिरी होती, वशिलेबाजी होती, निर्मात्यांचे हेलपाटे होते, हे सगळं खरं. पण त्यातून लेखकाच्या हातात एक मौल्यवान गोष्ट पडत होती. आपली गोष्ट संपणार आहे आणि साधारण कधी संपणार आहे, हे त्याला पहिला भाग लिहितानाच ठाऊक असे. चंद्रप्रकाश द्विवेदींची ‘चाणक्य’ ४७ भागांची, श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची. शेवट ठाऊक असला की पात्राला वाढता येतं, हरता येतं, मरता येतं. ज्या मालिकेला शेवटच नाही तिच्यात माणूस बदलू शकत नाही. तो बदलला तर उद्याचा भाग कशावर चालवायचा? म्हणून तिथे मेलेले परत येतात आणि पश्चात्ताप झालेले महिन्याभरात पुन्हा कट रचू लागतात. यात त्या लेखकांचा कमकुवतपणा शोधू नये. रोज बावीस मिनिटं भरायची सक्ती कोणत्याही प्रतिभेला हेच करायला लावील.

दुसरी गोष्ट आठवड्याची. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत सात दिवस मिळत, आणि त्या दिवसांत लोक बोलत, भांडत, अंदाज बांधत. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ला तर प्रश्नांची उत्तरं पोस्टकार्डांवर पोत्यांनी येत. ईशान्येतला एखादा विणकर, कच्छमधला लोहार, केरळातला कळरीचा गुरू हे त्या आठवड्याच्या गप्पांचे विषय असत. हे मी टंचाईच्या खात्यावर मांडायला तयार नाही. त्याच वाहिनीवर त्याच वर्षांत कंटाळवाणे कार्यक्रमही ढिगाने होते आणि त्यांना कोणी पोस्टकार्ड लिहिलं नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. त्या पद्धतीत अशा विषयांना जागा मिळू शके ज्यांना बाजार जागा देत नाही, किंवा देऊन परत काढून घेतो. ‘भारत एक खोज’मध्ये सदाशिव अमरापूरकर जोतीराव फुले झाले आणि एका मराठी सत्यशोधकाची गोष्ट देशभर गेली. तीस वर्षांनी, २०२० मध्ये, एका खाजगी मराठी वाहिनीने सावित्रीबाई आणि जोतीरावांवर रोजची मालिका सुरू केली. काम मनापासून चाललं होतं. पण टीआरपी मिळत नाही म्हणून ती वर्षाच्या आतच गुंडाळली गेली. सावित्रीबाईंचं आयुष्य मध्येच थांबवलं गेलं याची खंत अनेकांनी जाहीरपणे मांडली. तीच गोष्ट आधीपासून सव्वीस भागांची ठरवून लिहिली असती, तर ती पूर्ण सांगून झाली असती. पाहणारे थोडे असते तरी.

मग हे मागायचं कोणाकडे? ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या वादात एक निकाल दिला, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठात होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायालयाने सांगितलं. त्या सरकारच्याही नाहीत आणि पैसेवाल्याच्याही नाहीत. आपण या निकालाचा पहिला अर्धा भाग आनंदाने वापरला, सरकारची मक्तेदारी गेली. दुसरा अर्धा विसरलो. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. तेव्हापासून एक सार्वजनिक प्रक्षेपक आपल्या पैशावर चालतो आहे आणि आपण त्याच्याकडे काही मागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्याने जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं आणि लोकांनी ते विक्रमी संख्येने पाहिलं. उमाळा भागला. नवं काही लिहून घ्यावं, हा आग्रह त्यातून उभा राहिला नाही.

माझा आग्रह सह्याद्री वाहिनीकडे आहे. मुंबई केंद्राच्या संग्रहात मराठी मालिका आणि नाटकांचं जे काही शिल्लक आहे त्याची यादी जाहीर करावी आणि ते सर्वांना पाहायला खुलं करावं. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे व्यासपीठ २०२४ पासून त्यासाठी हाताशी आहे. त्याखेरीज दरवर्षी चार मराठी साहित्यकृती घ्याव्यात, लेखकाला पूर्ण संहिता लिहायला वेळ आणि मानधन द्यावं, भाग तेरा, आठवड्याला एक, आणि मुदतवाढ नाही. पहिली ‘धग’ असावी. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची आहे. तिच्यातल्या कौतिकची दैन्याशी चाललेली झुंज वऱ्हाडी बोलीतच सांगता येते, आणि त्या बोलीत सहज बोलणारे नट अमरावती-अकोल्यात आजही नाटकं करत आहेत.