मध्यमवर्गाचा आडोसा

आटगावच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला वा कारखान्यातील कामगाराला त्याचा वर्ग विचारला, तर ‘मध्यमवर्गीय’ हेच उत्तर बहुधा मिळेल. मिळकतीत अंतर कितीही असो, शब्द एकच.

हा शब्द सोयीनुसार ताणला जातो. सोयरिकीच्या बैठकीत जे घर खाऊनपिऊन सुखी असते, तेच तहसील कचेरीत दाखला मागताना गरीब होते. दोष केवळ लोकांचा नाही. शासनाच्याच मोजपट्ट्या जुळत नाहीत. १९९९ च्या तिरंगी शिधापत्रिका योजनेत वार्षिक १ लाखाहून अधिक उत्पन्नाचे कुटुंब पांढऱ्या पत्रिकेचे, म्हणजे सधन ठरले. २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर, इतर आरक्षण नसल्यास, ८ लाखांच्या आतले कुटुंबही आर्थिकदृष्ट्या दुर्बल ठरू शकते. मधल्या काळातील महागाई जमेस धरली तरी ही तफावत थोडी नव्हे.

शहापूर-मुरबाडचा जो कातकरी पावसाळा सरताच उचल घेऊन वीटभट्टीवर जातो, तो मात्र स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवीत नाही. त्याला पगारदारापासून वेगळे करते ती निर्धास्तता. काम थांबले तर चूल किती महिने पेटेल, हीच वर्गाची खरी कसोटी होय. कंत्राटी कामगाराने आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाने ती स्वतःला लावून पाहावी. कातकऱ्याशी आपले नाते अधिक जवळचे असल्याचे त्यांना आढळेल. मध्यमवर्गीय म्हणवून घेण्याच्या प्रतिष्ठेपायी किमान वेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची मागणी संकोचाने मागे राहत असेल, तर ती प्रतिष्ठा फार महाग पडते आहे.